होडीत मागे राहिलेल्या बहिणीस

प्रिय मावशी,

माझ्या धाकट्या भावाची गुरुदीक्षा सात आठवड्यांवर आली आहे. तो धर्मप्रांतीय धर्मगुरू होणार. आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे पॅरिशमधून, कितीतरी वर्षांनी कुणी फादर होतोय, त्यामुळे सगळीकडे आनंदीआनंद आहे. सोहळ्याची समिती नेमली आहे, त्याच्या फोटोचे मोठाले फलक लागणार आहेत, स्मरणिका निघणार आहे, घरोघर वर्गणी चालू आहे. भेटेल तो आईला म्हणतो, "धन्य तुमची कूस!" आणि मला म्हणतो, "भावाने केवढा त्याग केला!"

मावशी, दोन वर्षांपूर्वी वडिलांना पक्षाघात झाला. त्यांचं उठणं-बसणं, औषधं, रात्रीचं जागरण सगळं माझ्याकडे आहे. त्यासाठी मी नोकरी अर्ध्या वेळेची केली. लग्नाचा विषय मागे पडला तो पडलाच. भावाच्या त्यागाबद्दल ऐकताना माझ्या पोटात काहीतरी पिळवटतं, आणि मग स्वतःचीच लाज वाटते. त्यात परवा आईने बजावलं की दीक्षेनंतर त्याला नावाने हाक मारायची नाही, 'फादर' आणि 'तुम्ही' म्हणायचं. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलंय. सगळ्यांना आनंद होतोय, मग मला का होत नाही? हे त्याला सांगू, की गप्प राहू?

एक थोरली बहीण

बाळ,

तू मला मावशी म्हणालीस, तेव्हा मी तुला 'तू'च म्हणणार.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला मुदत आहे. गप्प राहू नकोस. भावाला सांग, आणि शक्य तितक्या लवकर सांग. दीक्षेआधी उमेदवाराने किमान पाच दिवस एकांतध्यानात घालवावेत, असं ख्रिस्तसभेची १९८३ची कायदासंहिता सांगते. त्या पाच दिवसांत घरचं अर्धवट राहिलेलं बोलणं त्याच्या मनात लोंबकळत राहू नये. सोहळा झाल्यावर बघू म्हणशील, तर तोवर बिशपांनी त्याची नेमणूक केलेली असेल आणि तो नव्या जागी, नव्या कामात बुडालेला असेल. आत्ता बोललीस तर नीट ऐकून घ्यायला, चार रात्री विचार करायला आणि परत येऊन बोलायला त्याच्याजवळ वेळ आहे. एक संध्याकाळ मागून घे. आईसमोर नको, समितीतलं कुणी घरात असताना तर नकोच.

बोलताना मनाशी एक पक्कं असू दे. हे बोलणं त्याला अडवण्यासाठी नाही. तो आज डीकन आहे, धर्मगुरुपदाच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे ब्रह्मचर्याचं वचन त्याने आधीच दिलेलं आहे. आपण दीक्षा स्वतःच्या इच्छेने घेत आहोत, असं त्याला स्वतःच्या हाताने लिहून, सही करून द्यावं लागतं. कुणालाही दीक्षा घ्यायला भाग पाडणं कायद्याने निषिद्ध आहे, आणि त्याच कलमात लगेच पुढे म्हटलंय की योग्य उमेदवाराला दीक्षेपासून परावृत्त करणंही निषिद्ध आहे. दोन्ही बाजूंनी घातलेलं हे कुंपण मला फार शहाणपणाचं वाटतं. तू त्याच्या आत राहून बोल. त्याच्या वाटेबद्दल बोलू नकोस, तुझ्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल बोल.

मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येशू याकोब आणि योहान यांना हाक मारतो. दोघे जाळी नीट करत असतात. ते उठून निघतात, आणि त्यांचा बाप जब्दी चाकरांबरोबर होडीतच राहतो. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आले, त्यावर प्रवचनंही पुष्कळ ऐकली, पण ती सगळी निघून गेलेल्या दोघांवर होती. ती जाळी मग कुणी पुरी केली, होडी किनाऱ्याला कुणी ओढली, हे शुभवर्तमान सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. तुझं पत्र वाचताना मला जब्दी आठवला. हाक एकाला येते, पण घर सगळंच हलतं. तुझ्या पोटात जे पिळवटतं त्याला मी मत्सर म्हणणार नाही. भावाला मिळतंय ते मिळू नये, असं तू कुठेही लिहिलेलं नाहीस. तुझं काम कुणाच्या नजरेला पडत नाही, याचं ते दुःख आहे. पापनिवेदनाला जाशील तेव्हा "मला राग येतो" असं जरूर म्हण. "मी वाईट बहीण आहे" असं म्हणू नकोस, कारण ते खरं नाही.

आता तोच अध्याय आणखी थोडा पुढे वाच. त्याच याकोब आणि योहानाला बरोबर घेऊन येशू शिमोनाच्या घरी जातो. तिथे शिमोनाची सासू तापाने अंथरुणाला खिळलेली असते. घरातली माणसं काय करतात? लगेच तिच्याबद्दल त्याला सांगतात. एवढा मोठा पाहुणा घरी आलाय, आता आजारपणाचं रडगाणं कशाला, असं म्हणत नाहीत. सांगितलं गेलं, म्हणून तो तिच्या अंथरुणाशी गेला आणि तिचा हात धरून तिला उठवलं. आणि सातव्या अध्यायात तर येशू चांगलाच खडसावतो. आपल्याजवळचं काही 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण केलंय, असं म्हटलं की मग त्यातून आईबापाला काही द्यायला नको, अशी पळवाट काही लोकांनी काढली होती. ती त्याने साफ धुडकावली. देवाला दिलेलं दान आईबापांच्या आड येऊ शकत नाही, ही शिकवण खुद्द त्याची आहे. भाऊ हे तुझ्यापेक्षा जास्त वेळा वाचून बसला असेल. पण वाचलेलं आपल्याच घराला लागू पडतंय, हे कुणीतरी बोलल्याशिवाय ध्यानात येत नाही. सेमिनरीत घरची बातमी बहुधा "सगळं ठीक आहे" एवढीच पोचते. आणि ती तशी तूच पोचवत आलीस ना? मला तसं वाटतं.

आता मुद्द्याचं. तो धर्मप्रांतीय धर्मगुरू होणार, हे तू लिहिलंस ते बरं केलंस, कारण बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. धर्मसंघातले फादर ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाबरोबर दारिद्र्याचंही व्रत घेतात. त्यांचं जे काही असेल ते संघाचं होतं आणि घरी मदत करायची तर वरिष्ठांना विचारावं लागतं. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचं व्रत घेत नाही. तो बिशपांना आज्ञापालनाचं वचन देतो आणि त्याने साधेपणाने राहावं अशी अपेक्षा असते. पण त्याच्या कामाला शोभेल असं मानधन मिळणं हा त्याचा हक्क आहे आणि स्वतःच्या नावावर काही ठेवण्याची त्याला मुभा आहे. त्यातला काही भाग वडिलांच्या औषधांना किंवा आठवड्यातून दोन रात्री माणूस ठेवायला दिला, तर त्याच्या धर्मगुरुपणाला कसलाही बट्टा लागत नाही. रक्कम मोठी असणार नाही, हेही आधीच समजून घे. सुट्टीचंही तसंच. धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूला वर्षातून जास्तीत जास्त महिनाभर, सलग किंवा तुकड्यांनी, रजा घेता येते आणि सहायक धर्मगुरूलाही तोच हक्क आहे. नवा फादर बहुधा आधी सहायक म्हणूनच जातो. त्या महिन्यातले दहा-बारा दिवस तो घरी राहून वडिलांचं सगळं स्वतः करील आणि तू कुठेतरी निघून जाशील, हे आजच बोलून ठेवा. "जमेल तेव्हा येईन" यावर थांबू नकोस. दिवस ठरवून घे. वडिलांची परिस्थिती त्याने नेमणुकीआधी बिशपांच्या कानावर घालावी, हेही सुचव. जवळची जागा द्या असा हट्ट त्याला धरता येणार नाही, तो आज्ञापालनाचं वचन देणार आहे. पण बिशपांना माहीतच नसेल, तर ते विचारात तरी कसं घेतील?

सोहळ्याबद्दल तुझ्या मनात जे आहे, त्यातलं निम्मं मला पटतं.

न पटणारं आधी सांगते. माणसं जमताहेत, धावपळ करताहेत, याचा राग धरू नकोस. दीक्षा हा घरचा कार्यक्रम नाही. धर्मगुरूंना आणि इतर श्रद्धावंतांना बोलावून शक्य तितका मोठा समुदाय जमवावा, असं कायद्यातच आहे. त्याला कारण आहे. विधीच्या सुरुवातीला उमेदवाराला नावाने हाक मारतात आणि तो "हजर आहे" म्हणून पुढे येतो. मग बिशप विचारतात, हा योग्य आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? उत्तर मिळतं की ख्रिस्ती प्रजेकडे चौकशी केली आहे आणि ज्यांच्यावर जबाबदारी होती त्यांनी शिफारस केली आहे. म्हणजे त्या विधीत प्रजेची साक्ष लागते. तो ज्यांचा होणार आहे, ती माणसं समोर असायला हवीत. इतक्या वर्षांनी कुणी निघालाय, तेव्हा त्यांचा आनंद खराच आहे. त्या वर्गणीत एखाद्या आजीने हात आखडता न घेता घातलेलं काहीतरी असेलच.

पण फलक मला पटत नाहीत. विधीत तुझा भाऊ सर्वांसमोर जमिनीवर पालथा पडणार, कपाळ फरशीला टेकवणार, आणि बाहेर त्याचाच चेहरा पुरुषभर उंचीचा लावलेला असणार. हे एकमेकांशी जुळत नाही. करोल वोयतिवा, म्हणजे पुढचे पोप जॉन पॉल दुसरे, यांची दीक्षा १ नोव्हेंबर १९४६ रोजी क्राकूवमध्ये आर्चबिशपांच्या खासगी प्रार्थनामंदिरात झाली. आई, थोरला भाऊ आणि वडील, तिघेही त्याआधीच गेलेले. दुसऱ्या दिवशी, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, त्यांनी वावेल कॅथिड्रलच्या तळघरात पहिली मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची उपासना, अर्पण केली. त्या दीक्षेत काही कमी होतं का? बिशपांचे हात मस्तकावर ठेवले जाणं आणि दीक्षेची प्रार्थना, एवढ्यानेच दीक्षा होते. बाकी सगळं आपल्या प्रेमाचं, आणि म्हणून आपल्याला आवरता येण्यासारखं.

हे घेऊन तू समितीकडे जाऊ नकोस. "बहिणीलाच बघवत नाही" असं कुणीतरी म्हणेल, आणि तुला आणखी एक घाव बसेल. भावाला सांगू दे. "माझा फोटो नको, आणि वर्गणीतून जे उरेल ते सेमिनरीतल्या मुलांसाठी द्या," हे त्याच्या तोंडून निघालं की समिती ऐकेल. धर्मगुरू व्हायला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास लागतो. मागून येणाऱ्या एखाद्या मुलाला त्या पैशाचा आधार होईल. धर्मग्रामात तुझ्या वडिलांसारखी घरात अडकून पडलेली आणखी माणसं असतील, त्यांच्यासाठीही काही काढता येईल.

आता हाकेबद्दल. तुझ्या पत्रातली हीच ओळ मी परत परत वाचली, कारण हे आमच्या घरात घडलेलं आहे.

माझे धाकटे काका धर्मगुरू होते. त्यांच्या दीक्षेनंतर आजीने त्यांना 'फादर' म्हणायला सुरुवात केली, मग आजोबांनी, मग माझ्या वडिलांनी, जे त्यांच्याहून मोठे होते. आम्ही मुलं तर 'फादरकाका'च म्हणत असू. ते घरी आले की सगळे उठून उभे राहत, त्यांना वेगळ्या खुर्चीवर बसवत, त्यांच्यासमोर मोठ्याने हसत नसत. फक्त माझी थोरली आत्या त्यांना त्यांच्या लहानपणच्या लाडक्या नावाने हाक मारी. "अरे, इकडे ये, पाय किती सुजलेत बघू," असं ती चारचौघांत म्हणायची आणि आजीला ते खटकायचं. आत्या गेली तेव्हा काकांनी सत्तरी ओलांडली होती. अंत्यविधी त्यांनीच केला, आवाज कुठेही कापला नाही. रात्री ते तिच्या रिकाम्या कॉटवर बसले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर मला म्हणाले, "आता मला 'अरे' म्हणणारं कुणी राहिलं नाही." दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांनी त्यांना नावाने हाक मारून पाहिली. जीभ वळेना. चाळीस वर्षांची सवय होती.

आम्हाला वाटत होतं, आपण त्यांचा मान राखतोय. मान राखता राखता आम्ही त्यांना घराबाहेर ठेवलं होतं.

म्हणून तू 'तू'च म्हण. चर्चमध्ये, लोकांसमोर, धर्मग्रामातल्या मुलांसमोर त्याला 'फादर' म्हण, तो त्या संस्काराचा मान आहे आणि तो मनापासून दे. घराच्या उंबऱ्याच्या आत त्याचं नाव आहे आणि तू त्याची बहीण आहेस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मगुरूंच्या सेवेविषयी जो हुकूमनामा काढला, त्यात म्हटलंय की बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांमध्ये धर्मगुरू हे भावांमधले भाऊ आहेत. तुझ्या बाबतीत तर ते शब्दशः खरं आहे. आईशी मात्र यावर वाद घालू नकोस. तिला 'फादर' म्हणावंसं वाटतं ते तिच्या श्रद्धेपोटी, ते तिचं तिला राहू दे. तिच्यादेखत भावालाच विचार, "घरात तुला काय म्हणू?" तो काय उत्तर देईल, ते मला माहीत आहे असं वाटतं.

याच्या जोडीला आणखी एक, न विचारता सांगते. दीक्षेनंतर नातेवाईक घरातली भांडणं त्याच्यापुढे मांडायला लागतील, जमिनीच्या वाटणीपासून नवरा-बायकोच्या कुरबुरीपर्यंत. त्यांना थोपवता आलं तर थोपव. आणि तुम्ही घरच्यांनी पापनिवेदनासाठी दुसऱ्या धर्मगुरूकडे जावं हे बरं. मनाई कसलीच नाही, पण त्याने भाऊ म्हणून ऐकायच्या गोष्टी आणि पापनिवेदनात ऐकायच्या गोष्टी वेगळ्या राहिल्या तर तुमचं बोलणं मोकळं राहील.

आनंद का होत नाही, असं विचारलंस. त्याला तारीख लावून बोलावता येत नाही. पोप फ्रान्सिस यांच्या आईला मुलाने सेमिनरीत जाणं मुळीच रुचलं नव्हतं. त्याला पोचवायलाही ती गेली नाही. तिची नाराजी चार दिवसांत गेली नाही, बराच काळ राहिली. १३ डिसेंबर १९६९ रोजी त्यांची दीक्षा झाली, आणि त्या दिवशी विधी आटोपल्यावर तीच आई मुलासमोर गुडघे टेकून आशीर्वाद मागत होती. तिला वर्षं लागली. तुला सात आठवड्यांत जमलं नाही तर तो तुझा दोष नव्हे. ओठांवर उसनं हसू घेऊन फिरू नकोस, मिरवणाऱ्यांना ते ओळखू येणार नाही, पण भावाला येईल.

त्या दिवशी काय काय होईल ते सांगून ठेवते, म्हणजे कुठे मन सैल सोडायचं ते तुला कळेल. तो आपले जोडलेले हात बिशपांच्या हातांत देऊन आज्ञापालनाचं वचन देईल. बिशप म्हणतील की ज्या देवाने तुझ्यात हे सत्कार्य सुरू केलं, तोच ते पूर्णत्वास नेवो. मग तो पालथा पडेल आणि संतांची प्रार्थनामाला सुरू होईल. इतर दिवशी सगळे गुडघे टेकतात, रविवार किंवा पुनरुत्थानकाळ असला तर उभे राहतात. एकेका संताचं नाव घेतलं जातं आणि लोक 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणत राहतात, ती बराच वेळ चालते. रडायचं असेल तर तेव्हा रड, कुणाचं लक्ष तुझ्याकडे नसेल. त्यानंतर बिशप काही न बोलता त्याच्या मस्तकावर हात ठेवतील आणि मागोमाग जमलेले सगळे धर्मगुरू एकेक करून तसंच करतील. संबंध चर्चमध्ये फक्त पावलांचा आवाज असतो. मग दीक्षेची प्रार्थना, खांद्यावर स्टोल, म्हणजे धर्मगुरूचा लांब पट्टा, अंगावर मिस्सेचा झगा, आणि तळहातांना पवित्र तेलाचा अभिषेक. जुन्या विधीत अभिषेकानंतर हात तागाच्या कापडाने बांधत. ते कापड आईला द्यायचं आणि ती वारली की तिच्या हातांत ठेवायचं, अशी परंपरा होती. आजच्या विधीत ते सांगितलेलं नाही, तरी पुष्कळ ठिकाणी हात पुसलेलं कापड आईला देतात.

आणि मग लोकांमधून भाकर आणि द्राक्षारस पुढे आणला जातो. बिशप ते घेऊन त्याच्या हातांत देतात आणि सांगतात की हे पवित्र प्रजेचं अर्पण आहे. ते पुढे घेऊन जायला बहुधा घरच्यांना बोलावतात. ते तू ने. समितीकडे एवढं एक मागून घे, किंवा भावाला सांगून ठेव. आई एका बाजूला, तू दुसऱ्या बाजूला. त्या तबकात तुझ्या रात्री आहेत, तुझी अर्धी नोकरी आहे, जे कुणी बोलून दाखवलं नाही ते सगळं आहे. तू ते स्वतःच्या हातांनी पुढे नेशील, आणि ते शेवटी त्याच्या हातांत पडेल.

त्यासाठी तुझे हात मोकळे हवेत. सोहळ्याच्या दिवशी वडिलांना कोण बघणार, हे अजून कुणी ठरवलेलं नसेल, सगळ्यांनी तुलाच गृहीत धरलं असेल. उद्याच समितीच्या प्रमुखांना गाठ आणि दोन धडधाकट माणसं माग, जी सकाळपासून वडिलांजवळ राहतील, त्यांची चाकाची खुर्ची पहिल्या रांगेच्या टोकाला लावतील, त्यांना पाणी देतील, मध्येच बाहेर न्यावं लागलं तर नेतील. कुठलं औषध किती वाजता, ते एका कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेव. खुर्चीची मूठ त्या दिवशी दुसऱ्याच्या हातात असू दे.

तुझी मावशी